फौजेतून सिव्हिलमध्ये येताना: पेन्शन, आरक्षण आणि दुसरी नोकरी एकदा नीट समजून घेऊ

सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात कुठल्याही गावात जा, चाळिशीच्या आसपासचा एक तरी माणूस भेटतोच ज्याला अख्खं गाव अजून 'मेजर' म्हणूनच हाक मारतं, मग तो शिपाई म्हणून रिटायर झालेला असो नाहीतर हवालदार. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी आणि शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी यांनी तर फौज नावातच घेतलीय. भरतीचं सगळ्यांना माहीत असतं, किती किलोमीटर पळायचं, छाती किती फुगायला पाहिजे, अकॅडमी कुठली चांगली. पण तोच पोरगा सतरा-अठरा वर्षांनी किंवा पंचवीस वर्षांनी ट्रंक घेऊन परत येतो तेव्हा पुढं काय करायचं याचं शिक्षण देणारी अकॅडमी काही कुणी काढलेली नाही.

मी स्वतः क्लार्क ट्रेडचा, नोकरी सगळी डॉक्युमेंटात गेली, त्यामुळं रिटायर होऊन येणारी पोरं अजून फोन करतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. माझं म्हणणं एकच आहे. सिव्हिलची तयारी घरी आल्यावर करायची नसते, ती शेवटच्या दोन वर्षांत युनिटमध्ये असतानाच करायची, कारण जी कामं तिथं एका सहीत होतात तीच बाहेर आल्यावर सहा-सहा महिने खातात. हे का ते खाली सविस्तर येईलच.

आधी मुळात हा प्रश्न एवढा मोठा का ते बघा. बँकेतला किंवा झेडपीतला माणूस ५८ नाहीतर ६० ला रिटायर होतो, तोपर्यंत पोरं कमावती झालेली असतात. फौजेत तसं नाही. शिपाई साधारण सतरा ते एकोणीस वर्षांत बाहेर, नायक बावीस-चोवीस, हवालदार चोवीस-सव्वीस, आणि सुभेदार झाला तर अठ्ठावीस-तीसपर्यंत. म्हणजे विसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई सदतीस-अडतीसाव्या वर्षी घरी, मोठी पोरगी सातवीत, घराचा हप्ता चालू, आईवडील म्हातारे, आणि पुढं अजून वीस-बावीस वर्ष काम करायची ताकद अंगात आहे. पेन्शन घेऊन शेतीत लक्ष घालतो असं सगळेच म्हणतात, पण दीड-दोन एकरात दोन भाऊ आधीच आहेत, त्यात हा तिसरा, वहिनीच्या कपाळावरच्या आठ्या पहिल्याच महिन्यात दिसायला लागतात.

पेन्शनचं गणित आणि 'पेन्शन विकणं'

जवानाला किमान १५ वर्ष नोकरी झाली की पेन्शन बसतं, ऑफिसरला २० लागतात. पेन्शन किती, तर शेवटच्या पगाराच्या निम्मं. इथं पगार म्हणजे हातात येणारा नाही, बेसिक अधिक मिलिटरी सर्व्हिस पे, आणि एक्स ग्रुपवाल्यांचा, म्हणजे तांत्रिक ट्रेडवाल्यांचा, एक्स ग्रुप पे. राशन मनी, फील्ड अलाउन्स, सियाचीनचे पैसे यातलं काही धरत नाहीत. म्हणून अनेकांना पहिलं पेन्शन बघून धक्का बसतो, कारण घरी त्यांनी अलाउन्ससकटचा आकडा डोक्यात धरलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. हवालदार आहे, बेसिक ४०,००० आणि एमएसपी ५,२००, मिळून ४५,२००. निम्मे केले की २२,६०० बेसिक पेन्शन, त्यावर महागाई भत्ता वेगळा. आता रेकॉर्ड ऑफिसचा, म्हणजे रेजिमेंटची सगळी नोंद ठेवणाऱ्या ऑफिसचा, फॉर्म विचारतो की किती टक्के कम्युट करणार, ज्याला आपण सरळ पेन्शन विकणं म्हणतो. फौजेत निम्म्यापर्यंत विकता येतं, सिव्हिल सरकारी नोकराला ४० टक्क्यांपर्यंतच. आपला हवालदार पूर्ण निम्मं म्हणजे ११,३०० विकतो. पुढच्या वाढदिवसाला त्याचं वय ४२ होणार असेल तर सरकारी तक्त्यातला गुणक ९.०५९ आहे. म्हणजे ११,३०० गुणिले १२ गुणिले ९.०५९, साधारण १२ लाख २८ हजार एकरकमी आणि टॅक्स फ्री. बदल्यात पुढची १५ वर्ष दरमहा ११,३०० कापले जातात, सोळाव्या वर्षी पेन्शन पुन्हा पूर्ण होतं. महागाई भत्ता मात्र या सगळ्या काळात पूर्ण २२,६०० वरच मिळत राहतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता बेरीज करा. १८० महिने गुणिले ११,३०० म्हणजे २० लाख ३४ हजार परत गेले. १२.२८ घेतले, २०.३४ दिले. ऐकायला वाईट वाटतं पण व्याजाने मोजलं तर हे वर्षाला साधारण साडेसात टक्क्यांच्या आसपासचं कर्ज झालं, आणि यात अजून एक गोष्ट आहे की मधेच माणूस गेला तर उरलेली वसुली बायकोच्या फॅमिली पेन्शनमधून होत नाही. त्यामुळं डोक्यावर नऊ-साडेनऊ टक्क्यांचं होम लोन असेल, किंवा सोसायटीचं नाहीतर सावकाराचं त्याहून महाग कर्ज असेल, तर विका आणि ते फेडा, हिशोब बरोबर बसतो. पण पैसे घेऊन सहा-साडेसहाच्या एफडीत टाकणार असाल तर स्वतःच्या खिशाला भोक पाडताय. आणि स्कॉर्पिओसाठी विकणार असाल तर मग मी काय बोलू.

ग्रॅच्युइटी वेगळी. दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार महागाई भत्त्यासकट, म्हणजे २४ वर्ष झाली असतील तर बारा महिन्यांचा. त्यात ग्रुप इन्शुरन्सची मॅच्युरिटी, प्रॉव्हिडंट फंड, शिल्लक रजेचे पैसे, सगळं मिळून तीस-चाळीस लाखांच्या आसपास रक्कम महिन्या-दोन महिन्यांत खात्यावर येते. आणि गावात ही बातमी तुमच्या आधी पोचलेली असते. मग मेव्हणा प्लॉट दाखवायला नेतो, शाळेतला दोस्त शेअर मार्केटमधून महिना चार टक्के देणाऱ्या माणसाची गाठ घालून देतो, आणि हा माणूस सुद्धा बहुतेक वेळा माजी फौजीच असतो, कारण फौजीचा फौजीवर पटकन विश्वास बसतो हे त्याला माहीत असतं. महिना चार टक्के म्हणजे वर्षाला ४८, एवढं देणारा धंदा ज्याच्याकडं असेल तो तुमच्या दारात कशाला येईल? पहिले सहा महिने या पैशाला हात लावायचा नाही, कर्ज फेडायचं सोडून.

कागदं

हा भाग वाचायला कंटाळवाणा आहे पण सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात म्हणून जरा थांबतो.

फौजेत तुमच्या घरातली प्रत्येक गोष्ट पार्ट टू ऑर्डरने नोंदवली जाते, लग्न, पोरांचा जन्म, नावातला बदल, सगळं. समजा लग्नानंतर नोंद झाली 'सुनिता', आधारवर आहे 'सुनीता', पॅनवर माहेरचं आडनाव, आणि पोराच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव 'सुनंदा' कारण मास्तरांनी तसं ऐकलं. नोकरीत असताना हे चालून जातं, कुणाचं लक्ष जात नाही. पण पेन्शनच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, जे नाव छापून येतं तेच पुढं ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेच्या, कार्डावर, फॅमिली पेन्शनला, पोरांच्या पंतप्रधान स्कॉलरशिपला, सगळीकडं लागतं. नोकरीत असताना दुरुस्ती करायची तर युनिटच्या क्लार्ककडं अफिडेव्हिट आणि कागद द्यायचे, सीओ साहेबांची सही, ऑर्डर पब्लिश, विषय संपला. बाहेर आल्यावर तेच काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला, तिथून पुढं पेन्शन मंजूर करणाऱ्या प्रयागराजच्या ऑफिसला, आणि मधे कुठंतरी एक कागद कमी म्हणून सगळं परत. मराठा लाईट इन्फंट्रीवाल्याला रेकॉर्ड बेळगावला म्हणजे निदान एका दिवसात जाऊन येता येतं, महार रेजिमेंटवाल्याला सागर, मध्य प्रदेश. म्हणून डिस्चार्जच्या दोन वर्ष आधीच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांची आधार, पॅन, जन्मदाखले, बँक पासबुक एका जागी मांडा आणि स्पेलिंगसकट जुळवा. बायकोबरोबर जॉइंट खातं, तेही त्याच नावाने.

पेन्शन आता स्पर्श नावाच्या ऑनलाइन सिस्टीमवरून येतं, तिथं लॉगिन, मोबाईल नंबर आणि वर्षाला एकदा हयातीचा दाखला एवढं सांभाळायचं. मोबाईल नंबर तो द्या जो तुमच्याकडंच राहणार आहे, भाच्याचा देऊ नका.

घरी आल्यावर पहिल्या महिन्यात डिस्चार्ज बुक आणि पीपीओ घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, माजी सैनिक म्हणून नोंदणी करायची आणि ओळखपत्र काढायचं. ते ओळखपत्र नसेल तर आरक्षणाचं पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. नोकरीसाठी नाव सुद्धा तिथंच नोंदवता येतं.

आरक्षण: आहे किती आणि मिळतं कसं

केंद्र सरकारच्या गट क च्या जागांत माजी सैनिकांना १० टक्के, गट ड मध्ये २० टक्के. सरकारी बँका आणि सरकारी कंपन्यांत जास्त आहे, क्लार्क दर्जाला साडेचौदा आणि शिपाई-गार्ड दर्जाला साडेचोवीस टक्के, त्यातले साडेचार टक्के जखमी होऊन अपंगत्व आलेले आणि शहिदांच्या घरच्यांसाठी. महाराष्ट्र सरकारच्या गट क आणि ड मध्ये १५ टक्के. तलाठी (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), पोलीस शिपाई, वनरक्षक, झेडपीच्या भरत्या, जाहिरातीत सगळीकडं 'माजी सैनिक' असा कॉलम दिसेल.

हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे आडवं. जातीचं आरक्षण उभं, एससी, एसटी, ओबीसी वगैरे, आणि त्या प्रत्येक उभ्या कप्प्यातून महिला, खेळाडू, माजी सैनिक अशा आडव्या पट्ट्या जातात. समजा एका जिल्ह्यात ओबीसीच्या २० जागा निघाल्या, तर त्यातल्या ३ ओबीसी माजी सैनिकाच्या. तुम्ही ओबीसी असाल तर या तीनसाठी स्पर्धा फक्त ओबीसी माजी सैनिकांशी, बाहेरच्या हजारो पोरांशी नाही. आणि पात्र माजी सैनिक मिळाला नाही तर त्या जागा त्याच प्रवर्गातल्या इतर उमेदवारांना जातात. दरवेळी जातात. जागा असून फॉर्मच भरलेला नसतो, किंवा भरला तर माजी सैनिकच्या रकान्यात 'नाही' टिक केलेलं असतं कारण सायबर कॅफेवाल्याने विचारलंच नाही.

शिक्षणाचं टेन्शन सगळ्यांना असतं, मी दहावी, पदवीच्या जागेला कसा बसू. तर दहावी पास किंवा आर्मीचं स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन, आणि १५ वर्ष सेवा, एवढं असलं की माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या गट क च्या जागांना पदवीची अट पूर्ण धरली जाते, अट एवढीच की ते काम टेक्निकल नसावं, म्हणजे यावर ज्युनियर इंजिनिअर होता येणार नाही. केंद्राचा हा नियम १९८६ पासून आहे. बँक क्लार्कच्या परीक्षेतही अशीच सवलत आहे. एमएस-सीआयटी मात्र राज्याच्या बऱ्याच पदांना लागतं, ते सुट्टीत उरकून टाका.

आता वयाचं. जाहिरातीत २८ ची मर्यादा बघून लोक पान उलटतात. हिशोब असा असतो: आजचं वय, वजा फौजेतली सेवा, वजा अजून ३ वर्ष. जो आकडा येईल तो मर्यादेच्या आत पाहिजे. वय ३७, सेवा १७, तर ३७ वजा २० म्हणजे १७. बँकेच्या कागदावर तुम्ही सतरा वर्षांचे. बँक क्लार्कच्या परीक्षेत एवढंच बघायचं की खरं वय ५० च्या वर नको.

बँकेचं मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्या पोरांना ही परीक्षा 'आपली नव्हे' असं वाटतं. पूर्व परीक्षा तासाभराची, १०० प्रश्न, इंग्रजी, गणित आणि रिझनिंग. माजी सैनिकांचा कटऑफ बाकीच्यांपेक्षा चांगलाच खाली लागतो. शेवटचं वर्ष राहिलं असेल तर नोकरीत असतानाच अर्ज करता येतो, युनिटकडून एनओसी आणि डिस्चार्जच्या तारखेचं पत्र घेऊन. संध्याकाळी रोल कॉलनंतर रोज दीड तास, वर्षभर, मोबाईलवर रील बघायच्या ऐवजी. गणितात टक्केवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग एवढं पक्कं केलं तरी बराच गड सर होतो. मराठी वाचता-लिहिता येतं हा महाराष्ट्रातल्या जागेसाठी फायदाच, कारण स्थानिक भाषेची चाचणी असते. पेन्शन चालू राहतं आणि नव्या नोकरीचा पगार वेगळा, फक्त दोन्ही उत्पन्नं मिळून टॅक्स बसतो हे लक्षात ठेवा, आणि नव्या नोकरीत जुन्या पद्धतीचं दुसरं पेन्शन धरून चालू नका, तिथं एनपीएस असतं.

एक सापळा आहे तो नीट वाचा. केंद्राच्या नियमात माजी सैनिक म्हणून आरक्षण घेऊन एकदा सरकारी नोकरीत जॉइन झालात की पुढच्या नोकरीसाठी तो हक्क संपतो. समजा घाईघाईत गट ड मध्ये लागलात आणि दोन महिन्यांनी बँक क्लार्कचा निकाल आला तर? २०१४ पासून यावर उपाय दिलाय: पहिल्या नोकरीत हजर होतानाच लेखी द्यायचं की मी याआधी या या तारखांना या या जागांसाठी अर्ज केलेले आहेत. मग त्या यादीतल्या जागेसाठी आरक्षण पुन्हा वापरता येतं. यादी नाही दिली तर नाही. खाजगी कंपनी किंवा कॉन्ट्रॅक्टच्या नोकरीने हक्क जात नाही. म्हणून भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रिंट तारखेसकट एका फाईलला लावत चला, फौजी माणसाला फाईल लावायची वेगळी शिकवण द्यायला नको.

आणि १५ वर्ष व्हायच्या आधी स्वतःहून घरी येण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, घरगुती अडचण म्हणा, पोस्टिंगचा वैताग म्हणा, तर हे माहीत असू द्या की पेन्शन बसायच्या आधी स्वतःच्या मर्जीने सोडलं तर पेन्शन तर नाहीच, माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही.

सिक्युरिटीच का?

रिटायर फौजी म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात पहिलं येतं ते गेटवरचा सिक्युरिटी. त्यात कमीपणा काही नाही, पण सतरा वर्ष कम्युनिकेशन सेट दुरुस्त करणारा सिग्नलवाला बारा तास गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसतो याचं मला वाईट वाटतं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की त्याला स्वतःचं काम सिव्हिलच्या भाषेत सांगता आलं नाही.

हे कसं होतं ते एका बायोडेटावरून दाखवतो. माणूस कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार. बायोडेटात लिहिलेलं: 'सीक्यूएमएच म्हणून ३ वर्ष ड्युटी केली, ओआर ते एनसीओ सर्व कोर्स क्वालिफाय, शिस्तबद्ध व मेहनती.' चाकणच्या वेअरहाउसमधल्या एचआरच्या पंचवीस वर्षांच्या पोरीला यातलं काय कळणार? मग बसून त्याला विचारलं की बाबा रोज करत काय होतास. तर म्हणाला, सव्वाशे माणसांचं कपडालत्ता, तंबू, भांडी, राशन सगळं माझ्या चार्जमध्ये, लेजर मी लिहायचो, महिन्याला मोजणी, वर्षाला बोर्ड बसायचा, तीन वर्षांत एक वस्तू कमी भरली नाही, आणि पल्टन पंजाबातून नॉर्थ ईस्टला हलली तेव्हा माझ्या कंपनीचं सगळं सामान मी पॅक करून रेल्वेने नेलं. आता हे लिहा: १२५ लोकांच्या स्टोअरची ३ वर्ष पूर्ण जबाबदारी, स्टॉक रजिस्टर, मासिक मोजणी, वार्षिक ऑडिट शून्य तुटीसह, रेल्वेने पूर्ण स्टोअर स्थलांतराचा अनुभव, हाताखाली ४ माणसं. हा स्टोअर सुपरवायझर झाला की नाही? माणूस तोच, काम तेच. जागांची नावं, युनिट कुठं होतं, ऑपरेशनचं काही लिहायचं नाही, गरजही नाही.

तसंच एमटी (मोटर ट्रान्सपोर्ट) हवालदार म्हणजे तीस-चाळीस गाड्यांचा फ्लीट सांभाळणारा माणूस, ईएमईचा, म्हणजे फौजेच्या गाड्या-मशीन दुरुस्त करणाऱ्या शाखेचा, मेकॅनिक, इंजिनिअर्समधला जेसीबी-डोझर ऑपरेटर, एएससीतला (राशन-पुरवठ्याच्या शाखेतला) कुक जो तीनशे माणसांचा स्वयंपाक वेळेत काढतो, हे सगळं बाहेर विकलं जातं, फक्त बाहेर चालणारा कागद सोबत पाहिजे. ड्रायव्हरने आरटीओचं हेवी लायसन्स नोकरीत असतानाच काढलेलं असावं. नर्सिंग असिस्टंटला हॉस्पिटलवाले रजिस्ट्रेशन विचारतात, ते आधीच बघून ठेवावं. आणि डीजीआर, म्हणजे दिल्लीचं पुनर्वसन महासंचालनालय, शेवटच्या वर्षात जवानांसाठी कोर्स घेतं, काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत, फी भरावी लागत नाही. कोर्स निवडताना मात्र 'घराजवळ पडतो' हा निकष लावू नका. साताऱ्याच्या माणसाने पुण्याचा कोर्स सुट्टी मिळते म्हणून घेतला आणि विषय कुठला हे जॉइन झाल्यावर बघितलं, असं होतं, हसू नका.

सिक्युरिटीतच जायचं असेल तर निदान वरच्या पायरीवर जा. महाराष्ट्रात मेस्को आहे, माजी सैनिकांचं सरकारी महामंडळ, मुख्यालय पुण्यात, ते सरकारी ऑफिसं, धरणं, प्लँट अशा ठिकाणी माणसं पुरवतं आणि एखाद्या गल्लीतल्या एजन्सीपेक्षा तिथं पगार, पीएफ व्यवस्थित. स्वतःच्या बंदुकीचं लायसन्स असलेल्या गनमनला साध्या गार्डपेक्षा जास्त मिळतात. बँकांत कायमस्वरूपी आर्म्ड गार्डच्या जागाही माजी सैनिकांतूनच भरतात. आणि वर्दी सोडवतच नसेल तर डीएससी, डिफेन्स सिक्युरिटी कोर, ज्याचं सेंटर केरळात कन्नूरला आहे. तिथं पुन्हा भरती होता येतं, काम डेपो, कारखाने, तळ यांच्या पहाऱ्याचं, आणि तिथली १५ वर्ष पूर्ण केली तर दुसरं पेन्शन. घरापासून लांब राहायची तयारी पाहिजे एवढंच, ती तर अर्धं आयुष्य होतीच.

ऑफिसर मंडळींचं मी इथं फार सांगत नाही, त्यांच्यासाठी आयआयएममधले सहा महिन्यांचे कोर्स आहेत, पेट्रोल पंप, सीएनजी स्टेशन, सिक्युरिटी एजन्सीच्या डीजीआरच्या योजना आहेत, ओळखी आहेत, इंग्रजी आहे. दहा-चौदा वर्षांनी बिनपेन्शन बाहेर पडणाऱ्या शॉर्ट सर्व्हिसवाल्यांचा प्रश्न खरा आहे पण तो वेगळा विषय.

स्वभावाचं थोडं बोलायला पाहिजे. फौजेत 'सहा वाजता' म्हणजे पावणेसहाला फॉल इन. कंपनीत सहाची मीटिंग साडेसहाला सुरू होते आणि तुम्ही पंधरा मिनिटं आधी जाऊन मनातल्या मनात पेटलेले असता. तिथं हुकूम कुणी देत नाही, 'जमलं तर बघा ना जरा' म्हणतात, आणि तो हुकूमच असतो. एखादा 'बघतो, करतो' म्हणाला तर बहुतेक वेळा तो नाही म्हणालेला असतो. बॉस सत्तावीस वर्षांचा, नावाने हाक मारा म्हणतो, तुमच्या तोंडून 'सर' सुटत नाही. हाताखालचं पोरगं ऐकत नाही म्हणून आवाज चढवला तर दुसऱ्या दिवशी एचआरचा मेल. पहिल्या नोकरीत सहा महिन्यांत भांडून बाहेर पडलेले बरेच बघितलेत, आणि दुसऱ्या नोकरीत तेच लोक मस्त रुळलेले पण बघितलेत. घरी सुद्धा तसंच, इतकी वर्ष बायकोने एकटीने घर, शाळा, म्हाताऱ्यांचं दवाखाना सगळं ओढलंय, त्या घरात येऊन पहिल्याच आठवड्यात इन्स्पेक्शन काढू नका.

अग्निवीरांचं

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली आणि तिथं वरचं अर्ध गणित लागूच होत नाही, म्हणून वेगळं सांगतो. चार वर्ष, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत पोरं कायम, बाकीची घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पगारातले ३० टक्के कापून तेवढेच सरकार घालतं आणि शेवटी सेवा निधी म्हणून व्याजासकट साधारण ११ लाख ७१ हजार मिळतात, टॅक्स फ्री. माजी सैनिकाच्या व्याख्येत हे बसत नाहीत त्यामुळं वर सांगितलेली साडेचौदा नि पंधरा टक्के, वयातली वजाबाकी, दहावीवर पदवी, यातलं काही आपोआप मिळत नाही. त्यांच्यासाठी केंद्राने २०२२ लाच सीआरपीएफ, बीएसएफसारखी केंद्रीय दलं आणि आसाम रायफल्स यांत १० टक्के जागा जाहीर केल्या, वयात ३ वर्ष सूट, पहिल्या बॅचला ५.

पहिली बॅच २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेली, म्हणजे बाहेर यायची वेळ २०२६ च्या शेवटापासून. वय बावीस-तेवीस, ही मोठी जमेची बाजू, इतर पोरांइतकंच वय आहे. पण गावातला दोस्त तेवढ्या चार वर्षांत ग्रॅज्युएट झालेला असतो आणि हा अजून दहावी-बारावी. म्हणून अग्निवीर असलेल्या पोराच्या घरच्यांनी आत्ताच विचारायचं की शिक्षणाचं काय केलंस. दहावीवर भरती झालेल्याला एनआयओएस या मुक्त शाळेमार्फत बारावीचं सर्टिफिकेट घेता येतं, आणि इग्नूची खास पदवी आहे ज्यात निम्मे क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचे धरतात. नाव नोंदवायचं ते नोकरीतच, युनिटच्या एज्युकेशन जेसीओ साहेबांना भेटून. आणि सेवा निधीचे पैसे यायच्या आधी घरात बोलून ठरवा की यातले किती शिक्षणाला, किती धंद्याला, कारण ट्रॅक्टरचा शोरूमवाला तोपर्यंत फोन करायला लागलेला असेल.